‘सेल’ या क्रियापदाचा कर्ता कोण?



आपल्या घरात ‘सेल’ हा इंग्रजी शब्द दोन वाटांनी आला. एक बॅटरीतला सेल. दुसरा, दिवाळीच्या तोंडावर तालुक्याच्या गावी कापड दुकानावर फलक लागतो तो सेल. पहिला संपला की फेकून द्यायचा, दुसरा लागला की खिसा चाचपायचा. तिसरा सेल मात्र आपल्या उंबऱ्याच्या आत कधी आलाच नाही. तो म्हणजे ‘विकणे’ या अर्थाचे इंग्रजी क्रियापद. आज आम्ही त्या एका क्रियापदाबद्दल लिहिणार आहोत. बैठकीला आलेला कुणी म्हणेल, कापसाच्या भावाचे बोला, व्याकरण कशाला? आम्ही भावाचेच बोलतो आहोत.

शाळेत मास्तरांनी शिकवले होते की वाक्यात क्रियापद असले की त्याचा कर्ता शोधायचा. आता आपण रोज बोलतो ती वाक्ये घ्या. ‘ऊस कारखान्याला घातला.’ ‘दूध डेअरीला घालतो.’ ‘कापूस फेडरेशनला दिला.’ आणि आपले वडील सांगायचे ते, ‘ज्वारीची लेव्ही भरली.’ चार वाक्ये झाली, पण ‘विकला’ हा शब्द एकातही नाही. घालतो, देतो, भरतो. वैरण गुरांपुढे घालतात. भिक्षा दारी आलेल्याला देतात. सारा सरकारात भरतात. हे शब्द कुणी ठरवून निवडलेले नाहीत. जिथे भाव सांगण्याचा अधिकार नव्हता तिथे शेतकऱ्याच्या तोंडी ‘विकणे’ आलेच नाही.

इंग्रजीतल्या या क्रियापदाची कुळकथाही ऐकण्यासारखी आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ते ‘सेल्लन’ असे होते आणि त्याचा अर्थ होता देणे, हवाली करणे. त्याच कुळातल्या गॉथिक भाषेत त्याच्या भावकीतला शब्द देवाला बळी देण्यासाठी वापरत. पुढे व्यापार वाढला, नाणे आले, आणि ‘किंमत घेऊन देणे’ हा अर्थ पक्का झाला. आज कुठल्याही इंग्रजाला विचारा, किंमत नसेल तर त्याला तो ‘सेल’ म्हणणार नाही. म्हणजे इंग्रजांचे क्रियापद हवाली करण्यापासून निघाले आणि विकण्यापर्यंत पोचले. आपला कापूस अजून पहिल्याच मुक्कामावर आहे. आपण हवाली करतो, आणि बरेचदा बळीही देतो.

या देशाचा कायदा काय म्हणतो तेही पाहा. 1930 चा मालविक्री कायदा अजून लागू आहे. त्याच्या चौथ्या कलमात विक्रीची व्याख्या आहे: विकणारा मालाची मालकी किमतीच्या बदल्यात घेणाऱ्याला देतो किंवा देण्याचे कबूल करतो. नवव्या कलमात किंमत कशी ठरते ते दिले आहे. ती करारात ठरते, किंवा दोघांनी मान्य केलेल्या पद्धतीने ठरते. दोघांनी, हे लक्षात ठेवा. 64 वे कलम लिलावाचे आहे. त्यात विकणाऱ्याला आधीच जाहीर करता येते की अमुक किमतीच्या खाली माल सुटणार नाही. हा कायदा सायबाच्या काळातला आहे, पण त्याने विकणाऱ्याला कर्ता मानले आहे.

आता 1971 चा महाराष्ट्राचा कच्च्या कापसाचा कायदा घ्या. एकाधिकार खरेदी योजना त्यातून आली आणि 1972 पासून जवळपास तीन दशके चालली. त्या कायद्याच्या इंग्रजी नावात तीन कामे आहेत. मिळवणे, प्रक्रिया करणे आणि पणन करणे. तिन्ही कामांचा कर्ता सरकार. पिकवणारा त्या नावात कुठेच नाही, आणि विकणे हा शब्दही नाही. शेजारच्या राज्यात दोन पैसे जास्त मिळत असले तरी कापसाची गाडी सीमेवर अडत होती. घरच्या कापसाचा चोरटा माल झाला. वर्तमानपत्रात मात्र छापून येई, ‘इतके लाख क्विंटल कापूस खरेदी करण्यात आला.’ खरेदी झाली, मग विकला कुणी? या प्रश्नाला त्या बातमीत उत्तर नसे, कारण विकणारा कुणी नव्हताच.

या क्रियापदाचा आजचा, पुरा अर्थ चालताना पाहायचा असेल तर ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये जावे. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपण ज्याला एमआयडीसी म्हणतो ते, स्थापन झाले. वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत म्हणून ओळखली जाते. तिथल्या रस्त्यांना नावांऐवजी नंबर आहेत. रोड नंबर 16, रोड नंबर 22, अशी तिथली पत्त्याची भाषा. आपल्या कोरडवाहू गावांतली कितीतरी मुले ठाण्यात पोटाला लागलेली आहेत. वागळे इस्टेटमध्ये कुणी लेथवर आहे, कुणी पॅकिंगला, कुणी सेल्समध्ये. वस्तीचे नाव किसननगर, आणि खोलीत राहतात किसानांची पोरे. त्यांच्याशी आम्ही बसून बोललो. यंत्राचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कारखान्यातल्या मुलाने आम्हाला कोरे कोटेशन दाखवले. त्याचा धनी काही टाटा-बिर्ला नाही. एक गाळा, चार मशिनी आणि डोक्यावर बँकेचे कर्ज, एवढाच त्याचा संसार.

त्या एका पानावर काय काय होते ते नीट वाचा. मालाचे वर्णन, मापासकट. दर, त्याने स्वतः लिहिलेला. पॅकिंग वेगळे. वाहतूक वेगळी. कर वेगळा. पैसे किती दिवसांत द्यायचे ते. आणि शेवटी एक ओळ, हा दर इतक्या दिवसांपुरताच लागू.

आता आपला कागद काढा. ज्वारी घेऊन बाजार समितीत गेलो की हाती पट्टी पडते. दर समोरच्याने लिहिलेला. हमाली आपल्याकडून वजा. तोलाई आपल्याकडून वजा. गाडीभाडे आपण आधीच मोजलेले. पैसे कधी मिळणार ते त्याच्या सोयीने. कापसाची खेडा खरेदी असेल तर पट्टीही नाही. काटा त्याचा, कटती त्याची, ओल किती ते त्याचा हात सांगणार. कारखानदार कागद लिहून पाठवतो, आपल्याला लिहिलेला कागद मिळतो. त्यांचा सेल आणि आपले घालणे यांत फरक आहे तो हा.

वागळे इस्टेट म्हणजे स्वर्ग आहे असे आमचे म्हणणे नाही. मोठ्या कंपनीपुढे लहान कारखानदारही घासाघीस सोसतो, त्याचेही पैसे अडकतात. तिथल्या कित्येक शेड बंद पडल्या आणि त्यांच्या जागी आता काचेच्या आयटी इमारती उभ्या आहेत. सांगितलेला दर त्यालाही दर वेळी मिळत नाही. पण आधी दर तो सांगतो. न परवडल्यास ‘नाही’ म्हणतो. ठाण्याला गिऱ्हाईक नसेल तर पुण्याला, पुण्याला नसेल तर परदेशी माल धाडतो. सरकारने त्याला 95 वर्षांच्या पट्ट्याने जागा दिली, रस्ता दिला, पाणी दिले. 1991 पर्यंत त्याच्याही मागे परवान्यांचा ससेमिरा होता, तो बराचसा सुटला. आपला कापूस त्यानंतरही एक दशक एकाधिकारात अडकून राहिला.

शहाणे लोक म्हणतील, एकाधिकार कधीच गेला, आता कापूस कुणालाही विका, रडता कशाला? मग ऐका. 2010 च्या एप्रिलमध्ये सरकारने कापसाच्या निर्यातीची नोंदणी थांबवली. 5 मार्च 2012 ला तर निर्यातीवर सरळ बंदी घातली. ओरड झाल्यावर काही दिवसांत माघार घेतली, पण तोवर बाजाराने घ्यायचा तो धडा घेतला होता. 2021 साली कापसाच्या आयातीवर 11 टक्के शुल्क लागले. ते 19 ऑगस्ट 2025 पासून माफ झाले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग 31 डिसेंबरपर्यंत. आपली वेचणी केव्हा सुरू होते ते दिल्लीला ठाऊक नाही असे कोण म्हणेल? भाव चढला की दार बंद करायचे, आपला माल निघायच्या वेळी दुसऱ्याच्या मालाला दार उघडायचे. वागळे इस्टेटमधल्या कारखान्याला कुणी असे सांगून पाहावे की या वर्षी तुझा माल महाग झाला, सबब बाहेर पाठवू नकोस!

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. कारखानदाराचा माल त्याच्या नावाचा असतो, लाखो शेतकऱ्यांचा कापूस मात्र सारखाच, मग प्रत्येकाने आपापला दर सांगून चालेल कसे? आमचे म्हणणे, कापूस सारखा नसतो. तो सारखा धरला जातो, आणि सारखा धरण्यात घेणाऱ्याचा फायदा आहे. 2025-26 चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. हा भाव धाग्याची लांबी 29.5 ते 30.5 मिलिमीटर आणि मायक्रोनेअर, म्हणजे धाग्याची जाडी आणि पक्वता, 3.5 ते 4.3 असेल तर. मध्यम धाग्याचा भाव 7,710. ओल 8 टक्क्यांच्या वर गेली की पैसे कापले जातात आणि 12 च्या वर कापूस परत. ही सगळी मोजमापे घेणाऱ्याला पाठ आहेत. तो क्विंटलभर कापूस घेतो, त्यातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. सरकी तो वेगळी विकतो. रुई 170 किलोच्या गाठीत बांधतो, 356 किलोच्या खंडीने तिचा दर सांगतो, आणि गिरणीला लांबी, ताकद, कचरा सगळे कागदावर देतो. आपल्याकडून नजरेने घेतलेला कापूस तो मापाने विकतो. मधला फरक त्याच्या खिशात जातो.

म्हणून विकणे शिकायचे म्हणजे आधी आपल्या मालाचे वर्णन शिकायचे. आमचे कृषी पदवीचे शिक्षण झाले तेव्हा वाण, खत आणि फवारणी यांवर पेपर होते. त्या सगळ्याचा हेतू एकच, जास्त पिकवा. ते पिकवलेले शेतकऱ्याने विकायचे कसे, हे कुणी शिकवले नाही.

तेव्हा या हंगामात गावोगाव चार गोष्टी व्हाव्यात.

पहिली, वेचणीचे माल वेगळे ठेवा. पहिल्या वेचणीचा स्वच्छ कापूस आणि शेवटची कवडी एका गंजीत घालू नका. दहा-पंधरा घरांनी मिळून ओल मोजायचे यंत्र घ्या आणि माल घरीच मोजून, वाळवून मग बाहेर काढा.

दुसरी, गावचा कापूस एकत्र करून जिनिंगवाल्याकडून रुईचा उतारा आणि धाग्याची लांबी लेखी मागा. एकट्याला तो हसेल. चाळीस गाड्यांना हसणार नाही.

तिसरी, ज्वारीची घाई करू नका. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990-91 पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात ज्वारी ठेवून तिच्या किमतीवर उचल मिळते, सहा महिन्यांसाठी, 6 टक्के व्याजाने. तुमच्या समितीत ती चालत नसेल तर सभापतींना बैठकीत उभे करून कारण विचारा. ‘नाही’ म्हणायला घरात पीठ आणि हातात थोडा पैसा लागतो. तो नसला की कायद्याने दिलेला नकार तोंडातल्या तोंडात राहतो.

चौथी गोष्ट मायबहिणींनी हाती घ्यावी, कारण घरचा खर्च त्यांना पैशापैशाने ठाऊक असतो. बियाणे, खत, फवारणी, वेचणीची मजुरी, घरच्या माणसांची मजुरी, सगळे मांडून क्विंटलला किती पडले ते एका कागदावर लिहा. त्याखाली आपला दर लिहा, तो किती दिवस लागू ते लिहा, आणि गाडीभाडे, हमाली वेगळी असेही लिहा. गाडी निघताना तो कागद गाडीबरोबर जाऊ द्या. व्यापारी वाचून बाजूला ठेवील, ठेवू द्या. त्याने काय दर दिला ते त्याच कागदावर खाली नोंदवून परत आणा.

सरकारकडे आमचे मागणे याच्याहून लांबलचक नाही. कापूस बाहेर जायच्या वेळी दार बंद करू नका. आमच्या वेचणीच्या तोंडावर आयातीचे नियम बदलू नका. बाजार समितीत विकणाऱ्याने सांगितलेली किमान किंमत लिलावाआधी पुकारली जावी आणि नोंदवहीत लिहिली जावी. 1930 चा कायदा जे कुठल्याही मालाच्या विकणाऱ्याला देतो, ते ज्वारी-कापूस विकणाऱ्याला द्या.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपले कागद आणावेत. वर आपला दर, खाली मिळालेला दर. आपण ते गावाचे नाव घेऊन वाचू आणि दोन्ही आकड्यांतला फरक फळ्यावर मांडू. आणि त्या दिवशी कुणीही ‘कापूस दिला’ असे म्हणायचे नाही. विकला असेल तर ‘विकला’ म्हणा. विकता आला नसेल तर ‘काढून घेतला’ म्हणा.