टेबलामागचा माणूस

अक्रोडाच्या लाकडाचं, स्वतःच्या हातांनी केलेलं टेबल, त्यावर कागदांचा पसारा आणि मागे झुपकेदार भुवयांचा एक म्हातारा. सीबीएस वाहिनीवरच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’च्या शेवटी अँडी रूनी १९७८ ते २०११ अशी ३३ वर्षं कुरकुरत राहिले आणि अमेरिका ऐकत राहिली.

कुरकुर कशाबद्दल? कॉफीच्या डब्याबद्दल. १६ औंसांचा डबा गुपचूप १३ औंसांवर आला, हे त्यांनी डबेच समोर मांडून दाखवलं. आपला पाच रुपयांचा बिस्किटपुडाही असाच वाळत गेला. आपण मुकाट्यानं चहात बुडवून खाल्ला.

पण हा माणूस नुसता किरकिऱ्या नव्हता. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी वार्ताहर म्हणून बॉम्बफेकी विमानांतून प्रवास केला होता. म्हणूनच इराक युद्धाला विरोध करताना त्यांच्या शब्दांना वजन होतं. ते चुकलेही. १९९० मध्ये वक्तव्यं अंगाशी आली, वाहिनीनं निलंबित केलं. महिन्याभरात परत बोलावलं.

२ ऑक्टोबर २०११ रोजी, १,०९७व्या टिपणात, त्यांनी निरोप घेतला. जाताजाता विनंती एकच: हॉटेलात दिसलो, तर निवांत जेवू द्या. जेमतेम महिन्याभरानंतर, वयाच्या ९२व्या वर्षी, ते गेले.

मत द्यायला पद लागत नाही. डबा उचलून वजन वाचण्याची सवय लागते. या अंकातल्या लेखकांना ती आहे. पटलं नाही, तर भांडा. पत्रांची वाट पाहतो.

– संपादक