पिठाची मर्यादा

सांगलीच्या त्या घरी सहलीची तयारी गिरणीपासून सुरू होते. निघण्याच्या आदल्या दिवशी ज्वारी आणि गहू निवडून, ऊन दाखवून, दळून आणावयाचे. पीठ कोरड्या डब्यात भरावयाचे. आणि डब्याबरोबर परात, तवा, छोटी शेगडी, पाणी गाळण्याचे जाड कापड व लवंगेच्या पुडीची बाटली एका मोठ्या पिशवीत घालावयाची. घरातील इतर सर्व पिशव्या कोणीही उचलतो. ही एक पिशवी मात्र गेली ४५ वर्षे आजीच उचलीत आल्या आहेत.

कारण उघड आहे. आजोबांचा नियम कडक. कंदमूळ नाही, सूर्यास्तानंतर अन्न नाही, बाजारचे पीठ नाही, रात्रभर आंबवलेले काही नाही. पिठाची मर्यादा ते बोटांवर मोजून सांगतात: पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. गाळलेले पाणी एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे चालते. लवंगेची पूड टाकून प्रासुक केले तर सहा तास. उकळले तर दिवसभर. आयुष्यभर शाळेत गणित शिकविलेल्या गृहस्थाला हे सारे आकडे तोंडपाठ असावेत यात नवल नाही. मात्र दर ४८ मिनिटांनी कापड हाती घेऊन उठणारी व्यक्ती दुसरीच होती, आणि तिने ते आकडे कधी मोजून दाखविले नव्हते.

यंदाच्या मे महिन्यात मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात पुण्याहून आली आणि तुळुनाडातील जिनमंदिरे पाहून श्रवणबेळगोळला जाण्याचे ठरले. बेळगाव, हुबळी, मग यल्लापूरचे दाट रान, अरबैल घाट आणि खाली उतरल्यावर अंकोला. सांगलीकडचे कोरडे ऊन घाटात मागे पडले आणि समुद्राकडची घामट हवा गाडीत शिरली. अंकोल्याला रस्त्याच्या कडेला ‘करी ईशाद’ आंब्याच्या टोपल्या मांडल्या होत्या. पातळ सालीचा, भरपूर गराचा हा आंबा तिकडचाच. २०२३ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. नातीने तो आंबा चोखून खाल्ला आणि हापूसविषयी काही अनुदार उद्गार काढले. आजोबांनी रत्नागिरीची बाजू मांडून पाहिली. पण तिसरा आंबा कापताना तेही गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी कारकळ. तेथील बाहुबलीची ४२ फुटांची मूर्ती गावालगतच्या खडकाळ टेकडीवर उभी आहे. वीर पांड्य या राजाने ती १४३२ साली प्रतिष्ठित केली. उन्हे चढण्यापूर्वी टेकडीवर जाऊन यावे म्हणून तिसऱ्या दिवशी सगळे पहाटेच उठले. आजी उतरण्याच्या जागी शेगडी पेटवून बसल्या होत्या. “तुम्ही जाऊन या. तोवर भाकऱ्या होतील,” त्या म्हणाल्या. यात कोणालाच काही वेगळे वाटले नाही. चौघे टेकडी चढून, दर्शन घेऊन, फोटो काढून परतले तेव्हा भाकऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या होत्या, आणि शेंगांच्या चटणीला, लसूण नसूनही, घरची चव होती.

त्याच दिवशी दुपार कलल्यावर मंडळी वरंगला गेली. वरंगचे केरे बसदी हे मंदिर तलावाच्या मध्यभागी आहे. काठावरून लहानशा नावेत बसून जावे लागते. मागे सह्याद्रीची निळी भिंत, पाण्यात तिचे प्रतिबिंब आणि मधोमध उतरत्या छपराचे ते चौमुखी देऊळ. असे स्थान सोबत कोणी नसताना पाहावे असे आहे; पण कुटुंबाबरोबर पाहण्यातही एक गंमत असते, कारण अशा शांततेत एखादे मूल हटकून प्रश्न विचारते.

नातीने प्रवासासाठी एक वही केली होती. तीत तिने बाहुबलीच्या मूर्तींचा तक्ता आखला होता. कुंभोज २८ फूट, वेणूर ३५, धर्मस्थळ ३९, कारकळ ४२, श्रवणबेळगोळ ५७. पुढे प्रत्येकाच्या नावाचे घर, आणि ज्याने जी मूर्ती पाहिली त्याच्या घरात खूण. कुंभोजच्या ओळीत पाचही खुणा होत्या. कारकळच्या ओळीत चारच झाल्या. नावेत बसल्या बसल्या तिने विचारले, “आजी, बेळगोळच्या घरात तुझी खूण करू ना?”

“कर की,” आजोबांनीच उत्तर दिले. “आम्ही तीनदा गेलोय. ८१ च्या मस्तकाभिषेकाला, ९३ ला आणि २००६ ला.”

आजी पाण्याकडे पाहत म्हणाल्या, “गेलेय तीनदा. वर चढले नाही कधी.”

नाव तलावाच्या मध्यावर होती. कोणी काही बोलले नाही. मग नातीच्या आग्रहावरून आजींनी सांगितले, तेही तक्रारीच्या सुरात नव्हे. १९८१ साली त्या नव्या सून होत्या. चौदा माणसे, खाली तंबूत स्वयंपाक. सासूबाई म्हणाल्या, धाकटी खाली राहील. १९९३ साली मुनींच्या आहारासाठी चौका लावला होता. “तेव्हा मी आपणहून राहिले. ते पुण्य सोडून डोंगर कोण चढतंय?” २००६ साली सासूबाईंना दम लागत होता आणि त्यांच्याजवळ कोणीतरी हवे होते. तिन्ही वेळा खालून, गावातून, मूर्तीचे मस्तक तेवढे दिसले होते.

आजोबांच्या बोलण्यातील ‘आम्ही’ या सर्वनामाने ४५ वर्षे किती जागा व्यापली होती, हे त्या नावेत त्यांच्या ध्यानात आले असावे. नियम त्यांचा होता, त्याचे श्रेयही त्यांनाच मिळत होते. नातेवाइकांत त्यांचा दाखला दिला जाई: इतके फिरूनही कधी नियम मोडला नाही! तो मोडला नाही हे खरेच. परंतु तो कोणाच्या हातांनी टिकला, हे त्या दाखल्यात कधी आले नाही. समाजातील कितीतरी घरांत व्रताचा हिशेब असाच एकाच्या नावावर मांडला जातो.

त्या संध्याकाळी परतल्यावर आजोबांनी पिशवीतून गाळण्याचे कापड काढले. “पाणी आज मी बघतो.” आजींनी अविश्वासाने पाहिले. त्यांनी कापड एकेरी धरले होते. “दुहेरी करा,” आजी म्हणाल्या, “आणि मध्ये खोलगट राहू द्या, नाहीतर कडेने वाहतं.” जे त्यांनी प्रवचनातून दहा वेळा ऐकले होते, ते हाताला प्रथमच कळत होते.

चौथ्या दिवशी मूडबिद्री. सुनेच्या एका सहकारी स्त्रीचे माहेर तेथे आहे. त्या जैन कुटुंबाने दोन दिवस आपल्याच घरी राहावे असा आग्रह धरला होता. कौलारू घर, पुढे सुपारीची वाडी, अंगणात विहीर. आजींचे माहेर निपाणीकडचे, म्हणून कानडी येते. घरच्या यजमानीणबाईंशी त्यांच्या गप्पा पहिल्या पाच मिनिटांतच तांदळाच्या भावापर्यंत पोहोचल्या. आजोबांनी विहिरीचे पाणी गाळले आणि कापडावरची जिवाणी घागरीतून हळूच पुन्हा विहिरीत सोडली. पुण्यातील नळाच्या पाण्याने वाढलेली नात तोंड उघडे टाकून ते पाहत राहिली.

मूडबिद्रीविषयी पुष्कळ लिहिता येईल. १४३० साली बांधलेली साविर कंबद बसदी, तिचे ते असंख्य खांब, कोकणातील घरांसारखे मुसळधार पावसासाठी केलेले उतरते छप्पर. येथेच धवला-जयधवलेच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके जपल्या गेल्या. पुढे अमरावतीला प्राध्यापक असलेल्या डॉ. हीरालाल जैन यांनी १९३९ पासून धवलेसह षट्खंडागमाचे खंड प्रकाशित केले, तेव्हा ते ज्ञान सर्वांच्या हाती आले. आजोबा त्या ताडपत्रांविषयी मुलाला भरभरून सांगत होते. पण या लेखाचा विषय स्वयंपाकघरात आहे.

कारण त्या दिवशी डब्यातील पीठ संपत आले होते आणि मर्यादाही संपत होती. एरवी अशा वेळी आजी गिरणी शोधीत. ज्वारीची पुरचुंडी त्यासाठीच बरोबर असे. त्यांनी यजमानीणबाईंना गिरणीचा पत्ता विचारला, तोच आजोबा म्हणाले, “गिरणी शोधायची नाही.”

“मग तुम्ही खाल काय?”

“हे लोक जे खातात ते.”

“अहो, इथं दोसे असतात. पीठ आंबवलेलं असेल.”

यजमानीणबाईंना मराठी कळत नव्हते, पण दोसे हा शब्द कळला. त्या हसल्या आणि आजींना चुलीपाशी घेऊन गेल्या. सकाळी भिजत घातलेले तांदूळ त्यांनी ओल्या खोबऱ्याबरोबर बारीक वाटले, मीठ घातले, आणि पाणी घालून ते ताकाइतके पातळ केले. आंबविण्याचा प्रश्नच नाही. वाटले की लगेच तव्यावर. पीठ तापलेल्या तव्यावर भिरकावल्यासारखे ओतावयाचे, जाळी पडली की झाकण ठेवावयाचे, उलटावयाचे नाही. पांढरा, मऊ, रुमालासारखी घडी होणारा हा नीर दोसा; ‘नीर’ म्हणजे पाणी. सोबत खोबरे आणि गुळाचे सारण. संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वी, साच्यातून ताज्या दाबून काढलेल्या तांदळाच्या शाविगे आणि वेलदोडा घातलेले नारळाचे गोड दूध. मधल्या वेळी पुनर्पुळीचे सरबत. म्हणजे आपले कोकमच, फक्त नाव तुळू.

आजोबांच्या एकाही नियमाला धक्का लागला नाही. लागणार तरी कसा? तुळुनाडातील जैन घरे हेच नियम शतकानुशतके पाळीत आली आहेत. भाताच्या आणि नारळाच्या प्रदेशात त्यांनी आपल्या मार्गाने त्यांची सोय लावली आहे. तरीही आपल्याकडची मंडळी तिकडे निघताना पाच दिवसांचे पीठ घेऊन निघतात आणि सहाव्या दिवसाची काळजी करीत पहिले पाच दिवस घालवितात. परगावच्या साधर्मी चुलीवर विश्वास ठेवण्यात एवढा संकोच का असावा, हे कळत नाही.

आजींनी मात्र तो दिवस वेगळ्याच तऱ्हेने घालविला. दुपारी काही करावयाचे नव्हते, म्हणून त्या ओसरीवर बसून राहिल्या. थोड्या वेळाने झोपल्या. वळवाची सर येऊन गेली तरी जागल्या नाहीत. “बरं नाही का?” असे मुलाने दोनदा विचारले.

पाचव्या दिवशी वेणूर. फल्गुनी नदीच्या काठची १६०४ सालची ती मूर्ती आजींनी सर्वांबरोबर पाहिली. वहीत खूण झाली. मग धर्मस्थळ, तेथेही खूण. पुढे शिराडी घाट चढून सहाव्या दिवशी संध्याकाळी मंडळी श्रवणबेळगोळला पोहोचली. ज्यावरून गावाला नाव पडले ते शुभ्र सरोवर, दोन्ही बाजूंच्या दोन टेकड्या आणि विंध्यगिरीवर ते ओळखीचे मस्तक. भोजनशाळेत दिवस असताना जेवण झाले. पिशवी गाडीतच राहिली.

विंध्यगिरीला सुमारे साडेसहाशे पायऱ्या आहेत, सरळ खडकात खोदलेल्या. अनवाणी चढावे लागते आणि मे महिन्यात ऊन वर आल्यावर तो खडक तव्यासारखा तापतो. मुलाने डोलीची चौकशी करून ठेवली होती. आजींचे गुडघे आता पासष्टीचे आहेत. त्या म्हणाल्या, “उतरताना बसेन. चढताना नाही.” पायांत जाड मोजे घालून, उजाडताच त्या निघाल्या. दर तीस-चाळीस पायऱ्यांना थांबत. आजोबा एक पायरी मागे. ओडेगल बसदीपाशी, जिच्या भिंतींना दगडी टेकू दिलेले आहेत, त्या बराच वेळ बसल्या. अखंड बागिलूच्या, म्हणजे एकाच शिळेतून कोरलेल्या दरवाजाच्या पायथ्याशी आणखी एकदा. नात मघाशीच वर पोहोचून दोनदा खाली येऊन गेली होती.

वरच्या प्राकारात शिरल्यावर आजी काही बोलल्या नाहीत. हात जोडून उभ्या राहिल्या. ४५ वर्षे जे मस्तक त्यांनी लांबून पाहिले होते, त्याच्याखाली खांदे होते, वेलींनी वेढलेले बाहू होते, आणि अगदी खाली, डोळ्यांच्या पातळीवर, पावले होती.

मूर्तीच्या पायाशी मराठीतील तो प्रसिद्ध लेख आहे. आजोबांनी तो मोठ्याने वाचून दाखविला: ‘श्रीचावुंडराजे करवियलें’. गंगराजाच्या मंत्र्याने, चावुंडरायाने, ही मूर्ती करवून घेतली. आणि दुसऱ्या ओळीत सभोवारचा प्राकार होयसळांचा सेनापती गंगराज याने करविला असे आहे. हे त्यांनी नातीला समजावून सांगितले.

“करवियलें,” आजी म्हणाल्या. “म्हणजे केलं दुसऱ्यांनीच.”

आजोबा मोठ्याने हसले. मग हसणे थांबवून त्यांनी त्यांच्याकडे पाहिले आणि मान हलविली.

बाहेर पडताना मूर्तीसमोर गुळ्ळकायज्जीची लहान प्रतिमा आहे. चावुंडरायाने घागरीमागून घागरी दूध ओतले तरी अभिषेक मूर्तीच्या मांड्यांखाली उतरेना. मग एका म्हातारीने गुळ्ळकायीच्या फळातून आणलेल्या चिमूटभर दुधाने सारी मूर्ती न्हाऊन निघाली, अशी कथा आहे. आजी त्या प्रतिमेजवळ सावली पाहून बसल्या. नातीने वही उघडली आणि बेळगोळच्या ओळीत पाचवी खूण केली.

“आजी, कारकळचं घर रिकामंच राहिलं.”

“राहू दे. खोडू नकोस मात्र.”

आजोबांनी खांद्यावरच्या झोळीतून बाटली काढली आणि पेला भरून त्यांच्या हाती दिला. आजींनी सवयीने उन्हाकडे पाहून वेळेचा अंदाज घेतला.

“पहाटे गाळून लवंग टाकलीय,” आजोबा म्हणाले. “सहा तास आहेत. निवांत बस.”