बागेतून तलावात

भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले तलाव मालगुजारी संपल्यावर ‘माजी मालगुजारी’ आणि बोलण्यात ‘मामा तलाव’ झाले. त्यांपैकी अनेकांच्या उथळ पाण्यात आज बेशरम माजली आहे. अमेरिका खंडातले हे झुडूप जांभळट फुलांसाठी भारतात आले. विषारी असल्याने शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून लोकांनी ते कुंपणाला लावले. तुटलेली फांदी चिखलात पडली की मूळ धरते.

वैनगंगेत पसरणारी जलपर्णी, म्हणजे इकॉर्निया, हीसुद्धा फुलांसाठीच अ‍ॅमेझॉन खोऱ्यातून जगभर गेली. नागपूरचे सांडपाणी नाग आणि कन्हान नद्यांतून वैनगंगेला मिळते, गोसेखुर्द धरणामुळे पाणी संथ होते आणि अशा पाण्यात जलपर्णी पंधरवड्यात दुप्पट होऊ शकते. त्यामुळे सगळा दोष बागांवर टाकता येणार नाही. पण सांडपाण्याने वाढवली, ती वनस्पती आधी कुणीतरी हौसेने आणली होती. जैवविविधतेवरील आंतरशासकीय मंचाच्या सप्टेंबर २०२३ च्या अहवालात जगातील सर्वाधिक पसरलेल्या आक्रमक प्रजातींत जलपर्णी पहिली आणि घाणेरी, म्हणजे रायमुनिया, दुसरी आहे. घाणेरीही बागेतलीच.

याची झळ ढिवरांना बसते. ज्या पाणवनस्पतींत मासे अंडी घालतात, खातात, लपतात, त्या बेशरमीखाली नाहीशा होतात. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या सोबतीने काही तलावांतून बेशरम उपटली, उन्हाळ्यात तळ नांगरला आणि पावसाळ्यात देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. काम कष्टाचे आहे आणि तेही वर्षानुवर्षे सांभाळावे लागते.

परदेशी झाड म्हणजे वाईट, असे मात्र नाही. झेंडू आणि चाफा अमेरिकेतलेच, पण ते तलाव बुजवत नाहीत. खरेदी करताना विक्रेत्याची स्तुतीच नीट ऐकावी. ‘निगा लागत नाही, कुठेही फुटते, जनावर खात नाही’ असे तो म्हणाला, तर रोप तिथेच ठेवलेले बरे. पिवळ्या फुलांचा जमिनीवर पसरणारा वेडेलिया असाच. अंगणातल्या पाण्याच्या कुंडीसाठी कमळ किंवा कुमुदिनी आहेच. जलपर्णी आधीच घरात असेल, तर ती नालीत न टाकता फुलण्यापूर्वी उपटून कडक उन्हात पूर्ण वाळवावी. तिचे बी गाळात १५ ते २० वर्षे जिवंत राहू शकते.