दुधाचा हिशोब, आपल्या वाट्याचा

आपल्याकडे बहुतेक स्वयंपाकघरांत कॅलेंडरवर दुधाचा हिशोब असतो. कधी अर्धा लिटर, कधी लिटर, कधी खाडा, सगळं लिहिलेलं. पण त्यातलं घरच्या बाईच्या पोटात किती गेलं, हे कुठल्या कॅलेंडरवर असतं? आणि हे आपल्या आर्वीत, गवळाऊ गाईच्या मुलखात!

म्हणूनच मोबाइलवरच्या आहार-डायरीच्या अ‍ॅपला मी तरुण मुलींचं खूळ म्हणत नाही. खाल्लेला पदार्थ नि त्याचं माप टाकलं, की त्यात कॅल्शियम किती ते कळतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनंही ‘न्यूट्रिफाय इंडिया नाऊ’ नावाचं असं अ‍ॅप काढलं. याच संस्थेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे बाईला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, पाळी गेल्यावर १२००.

आता एक साधा दिवस मांडून बघू. दोन वेळच्या चहात मिळून १०० मिली दूध, म्हणजे १२०. ज्वारीच्या दोन भाकरींचे ३०. वाटीभर वरणाचे २०-२५. वांगी-बटाट्याच्या भाजीचे १५. बेरीज दोनशेच्याही आत! पोट भरलं, पण हाडं उपाशी. कमी पडलेलं कॅल्शियम शरीर हाडांतूनच काढून घेतं. पाळी गेल्यावर ही झीज वाढते, आणि मग न्हाणीत पाय घसरल्याचं निमित्त होऊन खुब्याचं हाड मोडतं.

मैत्रिणींनो, भर घालायला महागडे डबे लागत नाहीत. पेलाभर दुधाचे २४०, वाटीभर दह्याचे १२०, तिळाच्या दोन चमचे चटणीचे दीड-दोनशे, शेवग्याच्या पाल्याच्या भाजीचे दीडशे. भाकरीत मूठभर नाचणीचं पीठ मिसळलं तर आणखी शंभर. आकडा हजाराच्या जवळ जातो. तिळातलं किंवा पालकातलं सगळंच अंगी लागत नाही, म्हणून दूध-दह्याला सुट्टी देऊ नका. अंगावर थोडं ऊनही घ्या. ‘ड’ जीवनसत्त्वाशिवाय कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. मुतखडा असेल किंवा गोळ्या घ्यायच्या असतील, तर डॉक्टरांना विचारूनच.

अ‍ॅपमधला कप आणि आपला चहाचा कप सारखा नसतो. घरची वाटी, पेला एकदा मापून ठेवा. स्मार्टफोन मुलाकडे असेल तर वहीत लिहा, आठ दिवसांनी त्याच्याकडून भरून घ्या.

एक पथ्य मात्र पाळा. रांधलं ते लिहू नका, आपल्या ताटात आलं ते लिहा. दही सगळ्यांना वाढता वाढता संपलं, तर तिथे शून्य टाका. ते शून्य लपवू नका, घरात सगळ्यांना दाखवा. ‘आईला दूध आवडत नाही’ असं बऱ्याच घरांत मुलं सांगतात. खरं तर तिच्यासाठी ते उरतच नाही. उद्यापासून दूध तापलं, की पहिला पेला आपला बाजूला काढा, आणि मगच चहाचं आधण ठेवा.