ताण उतरवणारे डबे आणि आपला दुकानदार

अहिल्यानगरच्या कापड बाजारात, मोची गल्लीत, तसेच श्रीरामपूर-संगमनेरच्या पेठांत गल्ल्याशेजारी पूर्वी पानाचा डबा असे. आता त्या जागी पुष्कळ ठिकाणी प्लास्टिकचा पांढरा डबा दिसतो. वर अश्वगंधाच्या मुळीचे चित्र, ‘ताणमुक्ती’, ‘शांत झोप’, ‘कॉर्टिसॉलवर नियंत्रण’ असे मोठ्या अक्षरांतले शब्द, आणि किंमत अशी की तेवढ्यात घरचे महिन्याचे तेल निघावे. हे डबे घेणाऱ्यांत आपले व्यापारी आणि कारागीर बांधव आहेत आणि विकणाऱ्यांतही तेच आहेत. म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर घेणे आम्हाला आवश्यक वाटते.

दुखणे खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. नागापूरच्या एमआयडीसीत वेल्डिंग-टर्निंगचे जॉबवर्क करणाऱ्याचे बिल तीन-तीन महिने अडकते. शिलाई कारागिराला ईद-दिवाळीच्या तोंडावर रात्रीचा दिवस करावा लागतो आणि पुढे महिनाभर मशीनवर धूळ बसते. घोडेगावच्या किंवा काष्टीच्या बाजारात जनावर नेणाऱ्याला गाडी सुखरूप पोहोचेपर्यंत धाकधूक असते. दुकानदाराची उधारी वसूल होत नाही आणि घाऊक व्यापाऱ्याचा फोन मात्र रोज येतो. अशा माणसाला रात्री दोन वाजता जाग आली, छातीत धडधड झाली, तर त्यात नवल नाही.

शरीरात याचे काय होते? हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली दाखवले की संकट कोणतेही असो, शरीराची पहिली झेप साधारण सारखीच असते. मेंदू पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, ती मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना देते आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. त्याने रक्तात साखर येते आणि शरीर धावपळीला तयार होते. हे रसायन शत्रू नव्हे. ते पहाटे वाढू लागते, जाग आल्यावर थोड्याच वेळात सर्वांत जास्त असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. ते अजिबात तयार झाले नाही तर माणूस जगत नाही. बिघाड होतो तो संकट संपतच नाही तेव्हा. मग झोप मोडते, रक्तदाब चढतो, साखर वाढते, पोट सुटते. डबेवाले यालाच ‘अधिवृक्क ग्रंथी थकल्या’ असे म्हणतात. २०१६ साली या विषयावरचे संशोधन एकत्र तपासले गेले, तेव्हा अशा आजाराचा पुरावा सापडला नाही. ग्रंथींचे खरे आजार वेगळे आहेत, त्यांची तपासणी वेगळी आहे. ते वाटेत थांबवून हातात डबा देणाऱ्याला कळत नाहीत.

आता अश्वगंधाबद्दल. ही मुळी आपल्याला नवी नाही. आस्कंद म्हणा, हकीम म्हणतात तसे असगंध म्हणा. अत्ताराच्या दुकानात ती पिढ्यान्‌पिढ्या मिळते. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे तिची मोठी शेती आहे आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातही औषधी वनस्पतींवर काम चालते. शहरात १९१७ पासूनचे गंगाधरशास्त्री गुणे यांच्या नावाचे आयुर्वेद महाविद्यालय आहे. म्हणजे ज्याला ही मुळी घ्यायचीच आहे, त्याने शिकलेल्या वैद्याला किंवा नोंदणीकृत युनानी हकीमाला विचारून घेण्याची सोय या गावात शंभर वर्षांहून जुनी आहे. मुंबईहून पार्सलने डबा मागवण्याचे कारण नाही.

तिचा उपयोग होतो का? काही प्रमाणात होतो, असे म्हणण्यास आधार आहे. हैदराबादेत झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ताणाने त्रस्त ६४ जण होते. त्यांतल्या अर्ध्यांना रोज ६०० मिलिग्रॅम मुळीचा अर्क ६० दिवस दिला. त्यांचा ताण कमी झाला आणि कॉर्टिसॉल २८ टक्क्यांच्या आसपास उतरले. त्यानंतरही अशा चाचण्या झाल्या. पण बहुतेक चाचण्यांत माणसे थोडी, मुदत दोन-तीन महिन्यांची, आणि पुष्कळ ठिकाणी माल किंवा पैसा अर्क बनवणाऱ्यांचाच. व्यापाऱ्याला हे समजावून सांगावे लागू नये. आपल्याच मालाला आपणच दिलेली पावती बाजारात किती चालते, हे आपल्याला ठाऊक आहे. शिवाय चाचणी झाली ठरावीक अर्काची. डब्यात चूर्ण आहे की अर्क, मुळीचे आहे की पानांचे, हे लेबल नीट वाचल्याशिवाय कळत नाही. पाने वापरू नयेत असे आयुष मंत्रालयाने २०२१ साली उत्पादकांना बजावले होते.

‘मुळीच तर आहे, तिने काय होणार’ या बोलण्याला मात्र आमचा ठाम विरोध आहे. अश्वगंधाने काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याच्या, कावीळ झाल्याच्या नोंदी परदेशात आहेत आणि भारतातही आहेत. प्रमाण मोठे नाही, पण ज्याला होते त्याला ते पुरेसे असते. डेन्मार्कने २०२३ साली तिच्यावर बंदी घातली. थायरॉइडची गोळी चालू असणाऱ्याने, मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्याने, झोपेच्या गोळ्या घेणाऱ्याने ती स्वतःच्या मनाने घेऊ नये. गरोदर बाईने तर घेऊच नये. ताणाच्या काही मिश्रणांत ज्येष्ठमध असते. खोकल्याला चिमूटभर चघळले तर ठीक. रोज भरपूर पोटात गेले तर अंगात मीठ-पाणी साठते, पोटॅशियम उतरते आणि रक्तदाब चढतो. म्हणजे रक्तदाबाच्या भीतीने डबा घेतला आणि डब्यानेच रक्तदाब वाढवला. धडधडीवर घरोघरी घेतला जाणारा खमीराही साखरेच्या पाकात बनतो, हे मधुमेही बांधव विसरतात.

याहून वाईट प्रकार बिननावाच्या पुड्यांचा आहे. उरुसात, आठवडे बाजारात, रस्त्याकडेच्या तंबूत मिळणारी पुडी. एका दिवसात अंगदुखी गायब, भूक लागते, तरतरी येते, आणि गिऱ्हाईक दहा जणांना घेऊन परत येते. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे डॉक्टरांनी अनेकदा उघड केले आहे. आणि हे स्टेरॉइड म्हणजे कोण? कॉर्टिसॉलचाच कारखान्यात बनलेला भाऊ! ज्या रसायनाला घाबरून माणूस पुडी घेतो, तेच तो चमच्याने पोटात घालतो. चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात, साखर भडकते. पुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. बाहेरून माल येत राहिला की अधिवृक्क ग्रंथी आपले काम थांबवतात, आणि मग पुडी एकदम बंद केली तर माणूस कोसळू शकतो. म्हणून अशी पुडी महिनोन्‌महिने घेणाऱ्याने ती आज फेकून देऊन मोकळे होऊ नये; ती पुडी हातात घेऊन डॉक्टरकडे जावे.

कॅप्सूलच्या कवचाबद्दल आम्हाला विचारणा होते, म्हणून दोन शब्द. साधे कवच जिलेटिनचे, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचे असते. ते कोणत्या जनावराचे, हे लेबलवरून बहुधा कळत नाही. वनस्पतीजन्य कवचही मिळते. अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर शाकाहारी-मांसाहारीची खूण असावी लागते, ती पाहावी. अश्वगंधारिष्टात आंबवण्यातून आपोआप तयार झालेले अल्कोहोल असते. घ्यावे की नाही, हे आपापल्या उलमांना विचारून ठरवावे.

विकणाऱ्यांना आमचे सांगणे वेगळे आहे. साखळी पद्धतीच्या कंपन्यांचा माणूस दुकानात येतो, चहा घेतो आणि सांगतो की आधी वीस-पंचवीस हजारांचा माल घ्या, मग खाली चार जण जोडा. हे चार जण म्हणजे मेव्हणा, शेजारचा टेलर, गॅरेजवाला मित्र आणि मशिदीत ओळख झालेला कोणी. सहा महिन्यांनी माल कपाटात आणि नाती ताणलेली. थेट विक्रीसाठी केंद्र सरकारने २०२१ साली नियम केले, त्यांत माणसे जोडण्यावर कमाई देणाऱ्या साखळ्यांना मनाई आहे. अन्नपूरक विकायला अन्न परवाना किंवा नोंदणी लागते, ती चपलांच्या दुकानाकडे नसते. आणि ‘यानेच मधुमेह बरा होतो, डॉक्टरची गोळी बंद करा’ असे सांगून विकलेल्या डब्यापायी कोणाला अर्धांगवायूचा झटका आला, तर कंपनीचा माणूस पुण्याला असतो, गिऱ्हाईक मात्र आपल्या गल्लीतले असते. अत्ताराने अत्तारकी करावी. ती त्याची विद्या आहे. बाकीच्यांनी या धंद्यात पडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग झोप न येणाऱ्याने करायचे काय? चाळिशी ओलांडलेल्याने रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ते होते. छातीत दुखून हातात कळ जात असेल तर तो ताण समजून घरी बसू नये. मॅग्नेशियमच्या गोळ्यांची सध्या फार चलती आहे, पण ताणावर तिचा पुरावा कच्चा आहे. प्रौढ पुरुषाला रोज ४४० मिलिग्रॅमची शिफारस आहे आणि शंभर ग्रॅम बाजरीत सव्वाशेच्या आसपास मिळते. तीळ, शेंगदाणे, डाळी यांत आणखी. आपल्या जिल्ह्यात बाजरी महाग आहे का? मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षे घेणाऱ्याने बी-१२ जरूर तपासावे. ती कमतरता खरी असते आणि पूरक गोळीने भरूनही निघते. दुपारनंतरचा चहा कमी करावा, कारण गल्ल्यावर बसून आठ कप घेणाऱ्याने झोपेची पुडी मागणे शोभत नाही. मन अगदीच बुडत असेल तर १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलिमानस सेवा २०२२ पासून आहे. तिथे मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. हकीमाकडे जायला लाज वाटत नाही, तर इथे का वाटावी?

पण ज्याचा ताण बिलातून येतो त्याचे औषध बिलातच शोधले पाहिजे. जॉबवर्क करणारे आमचे बहुतेक कारागीर उद्यम नोंदणी करत नाहीत. २००६ च्या कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मोठ्या खरेदीदाराने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते आणि तक्रार शासनाच्या सुविधा परिषदेकडे करता येते. २०२३ मध्ये आयकरातही तरतूद आली की अशी थकबाकी वेळेत दिली नाही तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही. त्यामुळे त्याचा हिशेबनीसच आता मार्च आला की पैसे मोकळे करायला सांगतो. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला या मुदतीचा लाभ नाही, त्याला नोंदणीचा उपयोग बँकेच्या कर्जापुरता आहे. कारागिराला मात्र पूर्ण आहे. चलन आणि बिलाच्या प्रती जपाव्यात, बिलावर उद्यम क्रमांक छापावा. नोंदणी आधार क्रमांकावर, सरकारी संकेतस्थळावर, फुकट होते. तिच्यासाठी एजंटला पाचशे रुपये मोजू नयेत.