मला मंगळ आहे, आणि तो मी पाहिला आहे



संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणजे वाण थोडं आणि चौकशा फार, हा अनुभव तुम्हालाही असेलच. २०२५ च्या जानेवारीत आमच्याकडे, दारव्ह्याला, पंधरा-वीस जणी जमल्या होत्या. तिळगूळ झाला, वाण लुटून झालं, आणि एकीनं विषय काढलाच. "काहून वं, तू रात्रीची गच्चीवर एकटीच काय करत असतेस? आमच्या घरचे म्हणतात, समोरच्या बाई अंधारात उभ्या राहून नुसत्या वर पाहतात!"

सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, "तिला ताऱ्यांचं वेड आहे. आपण साड्या जमवतो, ही तारे मोजते." मीही हसले आणि नेहमीचं उत्तर दिलं, "शाळेत मुलांना दाखवावे लागतात गं." मी इथल्या एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी आणि भूगोल शिकवते, त्यामुळे हे उत्तर सोयीचं पडतं. पण ते अर्धंच खरं आहे.

बाकीच्या गेल्या. आमच्या ओळीतल्या एक वहिनी मात्र मुलीला घेऊन मागे रेंगाळल्या. मुलगी बी. एस्सी. च्या शेवटच्या वर्षाला. वहिनी हळूच म्हणाल्या, "हिच्या पत्रिकेत मंगळ निघाला. चांगलं स्थळ होतं, त्यांनी पत्रिका परत पाठवली. तू आकाशाचं वाचतेस म्हणून विचारते, यावर काही उपाय असतो का गं?" मुलगी कुंकवाच्या करंड्याकडे पाहत बसली होती. तिचा तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. अकरा वर्षांपूर्वी तो मी रोज आरशात पाहत होते.

त्या रात्री मी माझ्या वेडाचं पूर्ण उत्तर दिलं. तेच आज तुम्हालाही सांगते.

माझं माहेर पुसदचं. २०१४ साली मी पंचवीस वर्षांची होते. बी. ए. होऊन घरी शिकवण्या घेत होते आणि माझ्यासाठी स्थळं पाहणं चालू होतं. माझ्या पत्रिकेत अष्टमात मंगळ. तीन ठिकाणी "मुलगी पसंत आहे, पण पत्रिका जमत नाही" असा निरोप आला. आईनं मंगळवार धरले. कोणी कुंभविवाह सुचवला. म्हणजे मुलीचं लग्न आधी मातीच्या घटाशी लावायचं, मग तो घट विसर्जन करायचा. मंगळाचा कोप घटावर गेला की मुलगी माणसाशी लग्न करायला मोकळी!

नकाराचं मला तेवढं वाटत नव्हतं. नकार कोणाला येत नाहीत? पण मंगळाच्या नकाराचा अर्थ निराळा असतो. "ही घरात आली तर नवऱ्याच्या जिवाला धोका," असा तो अर्थ. ज्या माणसाला मी अजून पाहिलंसुद्धा नव्हतं, त्याच्या मरणाचं कारण मला आधीच ठरवून टाकलं होतं. हे कोणी तोंडावर बोलत नाही, म्हणून त्याला उत्तरही देता येत नाही.

त्याच दिवसांत, २४ सप्टेंबर २०१४ ला, आपलं मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोचलं. पहिल्याच प्रयत्नात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात इस्रोतल्या बायकांचा फोटो होता. रेशमी साड्या नेसलेल्या, केसांत गजरे माळलेल्या, आनंदानं हसणाऱ्या. पुढे वाचनात आलं की या मोहिमेत रितू करिधाल, नंदिनी हरिनाथ, मिनल रोहित अशा कितीतरी जणींनी मोठ्या जबाबदाऱ्या सांभाळल्या होत्या. तो फोटो मी कितीतरी वेळ पाहत राहिले. ज्या मंगळापायी मी घरात तोंड लपवून बसले होते, त्याच मंगळापर्यंत बायकांनी यान नेऊन पोचवलं होतं!

मग मनात आलं, आपण हा मंगळ एकदा तरी पाहिला आहे का? नाही. आईनं? नाही. पत्रिका परत पाठवणाऱ्यांनी तरी? मला शंकाच होती.

वाचनालयातून डॉ. जयंत नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते' आणलं. ओळखीच्या एका विज्ञानाच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "संध्याकाळी नैर्ऋत्येला बघ, ज्येष्ठा नक्षत्राजवळ आहे." नवरात्र चालू होतं. आरती आटोपून गच्चीवर गेले, तर तिथे दोन तांबूस ठिपके. हात लांब धरला तर दोन बोटांएवढं अंतर. दोन्ही जवळजवळ सारख्याच तेजाचे. त्यातला एक ज्येष्ठेचा तारा आणि एक मंगळ. पण कोणता कोणता, तेच कळेना!

खरं सांगते, मला हसूच फुटलं. ज्यानं माझी तीन लग्नं मोडली, तो समोर उभा होता आणि मला ओळखता येत नव्हता.

सरांनी युक्ती सांगितली, "रोज पाहा. जो जागा बदलेल तो ग्रह." चार-पाच संध्याकाळी पाहिलं. एक ठिपका जागचा हलला नाही, दुसरा हळूहळू पूर्वेकडे सरकला. तो मंगळ. त्या दिवसापासून माझी भीती गेली आणि हे वेड लागलं.

पुढे वाचत गेले तसं बरंच कळलं. मंगळ लाल दिसतो तो रागानं नव्हे, तिथल्या मातीत लोखंडाचा गंज आहे म्हणून. आपला लोखंडी तवा ओला राहिला तर त्यावर जो चढतो, तोच! त्याचं वर्ष आपल्या ६८७ दिवसांचं असतं. आणि दर सव्वीस महिन्यांनी, सुमारास, तो आपल्याजवळ येऊन ठळक दिसतो.

आता एक साधा हिशोब करू. पत्रिकेत लग्नस्थानापासून पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असला की मंगळदोष धरतात. म्हणजे बारापैकी पाच स्थानं. लग्नरास सुमारे दर दोन तासांनी बदलते आणि चोवीस तासांत बाराही राशी होऊन जातात. मंगळ मात्र एका दिवसात जागचा हलला नाही म्हटलं तरी चालेल. मग कोणत्याही दिवशी चोवीस तासांपैकी सुमारे दहा तासांत जन्मलेली सगळी बाळं मंगळी ठरतात! गावातली दर पाचांतली दोन माणसं. मग अपवाद शोधावे लागतात, शांती सांगाव्या लागतात, नाहीतर लग्नंच जुळायची नाहीत. आणि गंमत अशी की मंगळ मुलांच्याही पत्रिकेत तेवढाच असतो, पण गच्चीवर तोंड लपवून बसलेला मंगळी मुलगा काही माझ्या पाहण्यात नाही.

नारळीकरांनी तर २००८ साली पुण्यात पत्रिकांची चाचणीच घेतली. डॉ. नरेंद्र दाभोलकरही त्या कामात होते. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र करून ज्योतिषांना दिल्या, प्रत्येकाला चाळीस. कोणती कोणाची ते ओळखायचं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं प्रमाण सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५० टक्के आलं असतं!

ही नुसती गमतीची गोष्ट असती तर मी इतकं लिहिलं नसतं. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कर्जापायी किती शेतकऱ्यांनी जीव दिला, हे तुम्हाला मी सांगायला नको. कर्ज बँकेचं, पाऊस लहरी, कापसाला भाव नाही. पण घरात आणि ओट्यावर बोल कोणाला लागतो? "हिचा पायगुणच वाईट." २०१९ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन वैशाली येडे या शेतकऱ्याच्या विधवेच्या हातून झालं, तेव्हा माझे डोळे भरून आले होते. मंगळी मुलगी आणि पांढऱ्या पायाची विधवा, दोघींवर आरोप एकच. माणूस गेला की बाईचा दोष.

माझं लग्न कसं झालं, ते विचारालच! यांचं घर शेतकऱ्याचं. माझ्या आईनं भीतभीत जन्मवेळ विचारली, तर सासूबाई म्हणाल्या, "बाया कापूस येचून घरी आल्या होत्या, तवा हा झाला. घड्याळ कोणी पाह्यलं?" जन्मवेळ नाही, म्हणून पत्रिका नाही, म्हणून जुळवाजुळव नाही. २०१६ साली लग्न झालं. यजमान ठणठणीत आहेत. मी गच्चीवर गेले की पोळ्या गरम राहत नाहीत, एवढीच त्यांची तक्रार. सासूबाई पंचांग वाचतात, उपास करतात, मी त्यात पडत नाही. उलट पंचांगातूनच मला मंगळ कोणत्या राशीत आहे ते कळतं. ते आकाशाचं वेळापत्रक आहे, मग त्याच्याशी भांडण कशाला?

तर त्या रात्री वहिनींना आणि मुलीला मी गच्चीवर नेलं. पश्चिमेला शुक्र दिव्यासारखा लखलखत होता, डोक्यावर रोहिणीजवळ गुरू. आणि पूर्वेला पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांशेजारी तांबूस, शांत मंगळ. तेव्हा तो आपल्याजवळ आलेला होता, तरी साडेनऊ कोटी किलोमीटरहून लांबच. मुलगी बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "एवढासाच?"

वहिनी काही बोलल्या नाहीत. जाताना मी त्यांना एवढंच सांगितलं, "पत्रिका पाहायची तर पाहा, पण त्याआधी दोघांचं रक्त तपासा." तुम्हालाही हेच सांगते. आपल्या विदर्भात सिकलसेलचा आजार आहे. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक. वाहक माणूस दिसायला धडधाकट असतो, त्यामुळे तपासल्याशिवाय कळत नाही. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. खरा दोष जुळवून पाहायचा असेल तर तो हा. तिथे लाजू नका.

आणि ज्यांना माझं वेड लावून घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी थोडंसं. दुर्बीण लागत नाही. स्वयंपाकघर आवरलं की गच्चीवर किंवा अंगणात जा, दिवे मालवा आणि पंधरा-वीस मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. मोबाइल पाहिलात तर पुन्हा पहिल्यापासून! चैत्र-वैशाखात आपण उकाड्यानं गच्चीवर निजतोच, तेव्हा उत्तरेला सप्तर्षी वर आलेले असतात. त्यांच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला खेटून बारीकशी अरुंधती. लग्नात भटजींनी दाखवली तेव्हा आपण नुसतीच मान हलवली होती, नाही का? आता खरंच पाहा. तिथून आज आपल्याकडे पोचणारा प्रकाश सुमारे ८० वर्षांपूर्वी निघालेला आहे, आपल्या आज्या नव्या नवऱ्या होत्या तेव्हाचा. सप्तर्षींची शेपटी वळणावळणानं पुढे नेली की स्वाती लागते, आणखी पुढे चित्रा. चैत्राची पौर्णिमा चित्रेजवळ, म्हणून महिन्याचं नाव चैत्र. कृत्तिकांवरून कार्तिक, मघांवरून माघ. आपण रोज तोंडानं घेतो ती नावं वर आकाशात आहेत.

मंगळ पुन्हा ठळक दिसेल तो २०२७ च्या फेब्रुवारीत, १९ तारखेच्या आसपास. सूर्य मावळला की पूर्वेला उगवेल, मघा नक्षत्राच्या बाजूला. घरात लग्नाची मुलगी असेल तर तिला आवर्जून घेऊन जा. तिला काही समजावू नका, नुसतं बोट दाखवा.

आता कळलं ना, मी गच्चीवर काय करते ते? एका जुन्या ओळखीच्याची चौकशी करते. त्यानं माझं काही बिघडवलं नाही, हे मला आधीच माहीत असतं तर पंचवीसाव्या वर्षीचं ते रडणं वाचलं असतं. तुमच्या लेकीचं तरी वाचू द्या.