गाल कोरण्याआधी सात दिवस

माणसाच्या गालात, चावण्याच्या स्नायूच्या पुढे, चरबीची एक छोटी गादी असते. फ्रेंच शरीररचनातज्ज्ञ झाविये बिशा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिचं वर्णन केलं, म्हणून वैद्यकात ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मोठ्या माणसात ती जेमतेम १० मिलिलिटरची असते, म्हणजे चहाचे दोन चमचे. दूध ओढताना तान्ह्या बाळाचे गाल आत खेचले जात नाहीत, ते तिच्याच आधारामुळे.

हे दोन चमचे काढून टाकायची आता फॅशन आहे. अमेरिकी मॉडेल क्रिसी टीगनने २०२१ मध्ये आपण ही शस्त्रक्रिया करून घेतल्याचं उघडपणे सांगितलं. २०२२ संपता संपता समाजमाध्यमांवर कोरलेल्या गालांचीच चर्चा होती. आपल्याकडच्या शहरांतही 'बकल फॅट' आणि 'डबल चिन' या सेवा क्लिनिकच्या दरपत्रकात फेशिअल-लेझरच्या शेजारी आल्या आणि लग्नाआधीच्या पॅकेजमध्येही शिरल्या. काळजी वाटते ती इथेच. चेहऱ्यावरची शस्त्रक्रिया पार्लरच्या यादीत बसली, की लोक तिचा विचारही पार्लरइतकाच करतात.

शस्त्रक्रिया दिसायला छोटी असते. गालासाठी तोंडाच्या आतून छेद घेतात. हनुवटीखाली बारीक नळी घालून चरबी ओढून घेतात. पण गालातल्या त्या गादीला लागूनच लाळेची नळी जाते आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या फांद्याही तिथूनच पसरतात. खालचा ओठ हलवणारी फांदी जबड्याच्या कडेने धावते. ती दुखावली तर हसताना ओठ एका बाजूला वाकडा दिसतो. बहुतेकांचा ओठ काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतो, पण सगळ्यांचा नाही.

शिवाय हनुवटीखालचा प्रत्येक फुगवटा चरबीचा नसतो. हनुवटी मुळातच मागे असली, कातडी सैल झाली, गळ्याचा पातळ स्नायू ढिला पडला, तरी तसंच दिसतं. काहींना तो आई-वडिलांकडूनच मिळालेला असतो. थायरॉइड वाढलेलं असू शकतं. सांधेदुखीवर किंवा दम्यावर महिनोन्‌महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेल्यांचा चेहरा गोल होतो. अशा माणसाला आधी फिजिशियनकडे पाठवावं लागतं. दरपत्रक हातात ठेवून ते होत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट जाहिरातीत कधीच नसते, ती म्हणजे वय. चेहऱ्याचं तारुण्य बऱ्याच अंशी चरबीवर उभं असतं. वय वाढतं तशी ती विरळ होते, हाडंही थोडी झिजतात, गाल बसतात, डोळ्यांखाली खळगे पडतात. म्हणून तर अमेरिकेतल्या सिडनी कोलमन यांच्यासारख्या प्लास्टिक सर्जननी पोटाची किंवा मांडीची चरबी काढून चेहऱ्यात भरण्याचं तंत्र विकसित केलं. वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांनी चेहरा ओघळलेले लोकही आता गाल भरून घ्यायला येतात. बावीस वर्षांच्या मुलीच्या गालातून काढलेली गादी पुन्हा वाढत नाही. चाळिशी-पन्नाशीत तिचा चेहरा कसा दिसेल, हे तिला आरशात दाखवता येत नाही. निदान स्पष्ट शब्दांत सांगायला तरी हवं.

सुरी नको म्हणणाऱ्यांसाठी इतर मार्ग आहेत, पण तेही निर्धोक नाहीत. हनुवटीखालची चरबी विरघळवणाऱ्या डीऑक्सिकोलिक आम्लाच्या एका इंजेक्शनला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्ये मान्यता दिली. त्याच प्रशासनाला २०२३ मध्ये मान्यता नसलेल्या अशा इंजेक्शनांविरुद्ध इशारा द्यावा लागला, कारण लोकांना जंतुसंसर्ग झाले होते, व्रण राहिले होते. कॅनडाची सुपरमॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा हिने चरबी गोठवणारे उपचार घेतले, हनुवटीखालीसुद्धा. चरबी कमी होण्याऐवजी वाढली आणि घट्ट झाली. हा दुर्मीळ, पण माहीत असलेला दुष्परिणाम आहे. पाच वर्षं ती लोकांसमोर आली नाही. २०२२ मध्ये कंपनीशी तडजोड झाल्यावर ती ब्रिटिश व्होगच्या मुखपृष्ठावर झळकली, तेव्हा तिचा जबडा आणि मान चिकटपट्ट्यांनी मागे ओढलेली होती. हे तिनेच सांगून टाकलं, याचं मोल मोठं आहे.

त्याच वर्षी मे महिन्यात बंगळूरमध्ये कन्नड मालिकांतली अभिनेत्री चेतना राज चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दगावली. ती २१ वर्षांची होती. तिची शस्त्रक्रिया चेहऱ्याची नव्हती, पण तिने आई-वडिलांना आधी काही सांगितलं नव्हतं, ही गोष्ट विसरता येत नाही.

याचा अर्थ प्लास्टिक सर्जरी हा श्रीमंतांचा चोचला आहे, असा नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात या विषयाचा विभाग उभारणाऱ्या डॉ. नोशिर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांचे चेहरे आणि हात दुरुस्त करण्यासाठी आयुष्यातली अनेक वर्षं दिली. हनुवटीच्या न्यूनगंडाने फोटोत मागे उभं राहणाऱ्या माणसाचं दुःखही खोटं नसतं. योग्य माणसावर, योग्य हातांनी केलेल्या या शस्त्रक्रियेचं समाधान खरं असतं. जीएसटीच्या नियमांतही हा भेद आहे: जन्मजात व्यंग किंवा अपघातासाठी केलेल्या प्लास्टिक सर्जरीला करमाफी आहे, निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला नाही. कर वसूल करताना सरकार तिला वेगळं मानतं, तर परवानगी देतानाही मानावं.

ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून तसं केलं. तिथे आधी फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी लागते. संमतीपत्रावर पहिल्याच भेटीत सही घेता येत नाही, किमान दोन भेटी व्हाव्या लागतात, आणि संमतीनंतर सात दिवस थांबावं लागतं. स्वतःच्या रूपाविषयीचा मानसिक आजार तर नाही ना, याचीही चाचपणी करावी लागते. पुढे आलेल्या वेगळ्या कायद्याने शस्त्रक्रियेचं रीतसर विशेष शिक्षण नसलेल्या डॉक्टरला स्वतःला सर्जनही म्हणवून घेता येत नाही.

आपल्याकडे २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरने जाहिरात करून रुग्ण ओढणं निषिद्ध आहे, तरी 'आधी आणि नंतर'च्या रील्स राजरोस चालतात. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेने या रील्सपासून सुरुवात करावी. शस्त्रक्रिया करणाऱ्याचं नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक संमतीपत्रावर मराठीत छापणं सक्तीचं करावं. राज्य सरकारने सात दिवसांची मुदत कायद्यात आणावी, आणि अठरा वर्षांखालच्यांसाठी ऑस्ट्रेलियाप्रमाणे तीन महिन्यांची. साखरपुड्याच्या तारखेवर बेतलेल्या पॅकेजना ती अडचणीची ठरेल, आणि ठरायलाच हवी.